पंच्याण्णव परसेंटाइल

सलिलला पंच्याण्णव परसेंटाइल मिळाले म्हणून बापूंनी अर्धा किलो पेढे मागवले, तेव्हा सलिल त्याच हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर तोंडात नळी घालून पडला होता. खोका आला. बापूंनी दोरा तोडला, पहिला पेढा कागदाच्या तुकड्यावर काढून बाकड्याच्या कडेला ठेवला, तो देवाचा, आणि खोका माझ्यापुढे धरला. "घे, भागू. भावाला मार्क मिळालेत." मी घेतला. मी कॉलेजात सांख्यिकी शिकवते. परसेंटाइल म्हणजे काय हे मला गाढ झोपेतून उठवून विचारलंत तरी मी उदाहरणासकट सांगेन; त्याचाच मला पगार मिळतो. पण त्या वेळी मला कोणी विचारलं नव्हतं, आणि न विचारता सांगायची आमच्या घरात मला सवय लावलेली नाही. पेढा ताजा होता. वेलची जरा जास्त झाली होती.

झालं होतं ते असं. दुपारी डॉक्टर शिवानी जिना उतरून खाली आली. माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची मुलगी, डोळ्यांखाली काळं, गळ्यात स्टेथोस्कोप आणि मोबाइलचा चार्जर दोन्ही. बापू चौऱ्याऐंशीचे, निवृत्त मुख्याध्यापक. डॉक्टर दिसली की उभे राहतात, इन्स्पेक्टर आल्यासारखे. ती म्हणाली, "आजोबा, तो ब्लडचा रिपोर्ट आला. आपण स्टडीसाठी सॅम्पल दिलं होतं ना? लेव्हल खूप हाय आहे. आमच्याकडच्या अशाच सिव्हियर पेशंट्समध्ये बघितलं तर नाइन्टी-फिफ्थ परसेंटाइलला येतेय." एवढ्यात तिचा फोन वाजला. "चार वाजता येते, तेव्हा सविस्तर बोलू," असं म्हणत ती दोन-दोन पायऱ्या टाकत वर गेली. बापूंचा डावा कान गेलेला आहे. उजव्या कानातून आत शिरले ते तीनच शब्द: हाय, नाइन्टी-फिफ्थ आणि परसेंटाइल. हे तीन शब्द आमच्या घरात इतकी वर्षं फक्त आनंदाच्या बातमीत आलेले आहेत. बापू हळूहळू खाली बसले, चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला. "पंच्याण्णव," ते म्हणाले. "एवढ्या सगळ्या पेशंटांत."

तो आकडा कसला, हे मला ठाऊक होतं. सॅम्पल घेतलं त्या दिवशी तिनेच मला भिंतीला टेकून समजावलं होतं. मेंदूच्या पेशींना लांब लांब तंतू असतात. मार बसून ते तुटले की त्यांच्यातलं एक प्रथिन पाझरत पाझरत रक्तात उतरतं. जितकी मोडतोड जास्त, तितकं ते रक्तात जास्त. कवटी उघडून आत काय उरलंय ते बघता येत नाही, म्हणून बाहेर काय वाहून आलंय ते मोजायचं, आणि पेशंट पुढे कितपत सुधारेल याचा अंदाज करायचा. म्हणजे सलिलसारख्या शंभर जणांतल्या पंच्याण्णवांच्या रक्तात त्याच्यापेक्षा कमी भंगार वाहत होतं. परीक्षा नासाडीची होती आणि सलिल, नेहमीप्रमाणे, वरच्या पाचांत आला होता.

मी बोलले नाही. का बोलले नाही याचा विचार करायला मला भरपूर वेळ होता. नातेवाइकांच्या त्या खालच्या हॉलमध्ये वेळाखेरीज दुसरं काहीच नव्हतं. खुर्च्या एकमेकींना लोखंडी पट्टीने जोडलेल्या होत्या, त्यामुळे एकाने मांडी हलवली की ओळीतले सगळे नातेवाईक हलत. मी पेढा चघळत होते आणि बापू फोनवर फोन लावत होते. "हो, हो, पंच्याण्णव. नाही, ते मशीन आहे अजून, पण रक्तात उत्तम. ...डॉक्टरीणबाई स्वतः खाली आल्या सांगायला. ...अहो, त्याचं पहिल्यापासून तसंच." पहिल्यापासून. शेजारच्या ओळीत माणगावचा एक गृहस्थ बसला होता, त्याचा पोरगा हायवेवर मोटरसायकलवरून पडलेला. बापूंनी त्याच्यापुढे खोका धरला. "आमच्या मुलाला पंच्याण्णव मिळाले. तुमच्या मुलाला किती?" तो माणूस गोंधळला. हातातला पेढा त्याने तोंडापर्यंत नेला आणि खाली आणला. "आमच्याचं नाय तपासलं बहुतेक," तो म्हणाला, आपल्या पोराचं नाव पटावरच नाही हे निकालाच्या दिवशी कळावं तसा. थोड्या वेळाने तो उठून काउंटरवर गेला आणि आमच्या पोराचे मार्क का काढले नाहीत म्हणून भांडायला लागला. बापू त्याच्याकडे करुणेने बघत होते. त्यांना नापासांविषयी नेहमीच करुणा वाटत आली आहे. मला साठाच्या वर आणि सत्तराच्या खाली असायचे, त्यामुळे माझ्या वाट्याला तीही आली नाही.

सलिल माझ्यापेक्षा दीड वर्षाने मोठा. त्याला मी कधी दादा म्हटलं नाही. त्याने ते कमावलं नाही असं मी म्हणते, मला वळण नाही असं बापू म्हणतात. दहावीला तो बोर्डात आला. त्याच्या पुढच्या वर्षी मी बसले, बासष्ट टक्के पडले. निकालाच्या दिवशी सलिलने बापूंच्या शाळेचा पूर्ण निकाल मागून घेतला, पडवीत पालथा पडून पेन्सिलीने बेरीज केली, भागाकार केला आणि ओरडला, "बापू! आपली भागू बघा! शाळेची सरासरी बासष्ट! बरोब्बर बासष्ट! ही तर चालतीबोलती सरासरी!" सगळे हसले. बापूही. गणित बरोबर होतं, ही त्यातली वाईट गोष्ट; मी रात्री पुन्हा करून पाहिलं होतं. तेव्हापासून मी सरासरी. सरासरी, पाणी आण. सरासरी, नारळ मोज. मला बघायला पाहुणे आले तेव्हा सलिलने ट्रे माझ्या हातातून घेऊन ओळख करून दिली, "ही आमची सरासरी." मुलगा हसला. मीही हसले. ते लग्न जमलं नाही ते पत्रिकेवरून, हे मला माहीत आहे; पण कारण म्हणून मी सलिललाच जपून ठेवलेलं आहे. एवढ्या वर्षांत ते कारण कुठे झिजलेलं नाही. आणि पुढे मी विषय घेतला तोही सांख्यिकी. जन्मभर पोरांना सरासरी शिकवली. याला सूड म्हणावं की शरणागती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

सलिलने क्लास काढला. शिखर अकॅडमी. अलिबागेत दोन मजले, रेवसपर्यंत रस्त्याच्या प्रत्येक नाक्यावर फ्लेक्स. फ्लेक्सवर पोरांचे पासपोर्टाएवढे फोटो, खाली आकडे, सत्त्याण्णव पॉइंट चार, अठ्ठ्याण्णव पॉइंट एक, आणि मधोमध कोट घातलेला, हात जोडलेला सलिल, पोरांच्या दसपट. मधली काही वर्षं मीही तिथे शिकवायला जायचे. मग एके दिवशी त्याने मला ऑफिसात बोलावलं, चहा मागवला आणि सांगितलं, "भागू, पोरं म्हणतात तू शिकवलंस की शंका वाढतात. क्लासमध्ये शंका वाढवायच्या नसतात, कमी करायच्या असतात." माझ्या जागी त्याने एक व्हिडिओ लावला. व्हिडिओ शंका विचारू देत नव्हता. निकाल वाढला. हेही गणित मी करून पाहिलं होतं, आणि तेही बरोबर होतं.

या वेळचा निकाल लागला तेव्हा रेवसच्या जेटीकडे जाणाऱ्या वळणावर त्याने आजवरचा सगळ्यात मोठा फ्लेक्स लावायला घेतला. मुंबईहून लाँचने उतरणाऱ्याला आधी सलिल दिसावा आणि मग रायगड जिल्हा. दुपारचा खारा वारा सुटला होता. लोखंडी चौकट, चार माणसं वर, दोन दोर. सलिल खाली उभा राहून हाताने दाखवत होता. "वर घ्या. अजून वर. अजून." त्यानंतर तो काही बोललेला नाही. चौकट सुटली आणि जोडलेल्या हातांसकट तो स्वतःच स्वतःच्या डोक्यावर आला. एखाद्या विद्यार्थ्याने निबंधात हे लिहिलं असतं तर मी समासात लाल शाईने 'ओढूनताणून' असं लिहिलं असतं. पण मला फोन आला तेव्हा, खरं सांगायचं तर, माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं ते 'अरे देवा' नव्हतं. मनात आलं, आता माझं भांडण कोणाशी?

अंबाजी डबा घेऊन आला. आमच्या नागावच्या वाडीत सुपारी काढतो, सलिलबरोबर विहिरीत पोहायला शिकलेला. चपला हॉलच्या दाराबाहेर काढून आत आला आणि पिशवीतून शहाळं काढून माझ्या हातात दिलं, पाणी भाऊला चमच्याने पाजा म्हणून. भाऊच्या तोंडात चमच्याला जागा नाही हे मी त्याला सांगितलं नाही. बापूंनी त्यालाही पेढा दिला.

"पंच्यान्नव?" अंबाजी म्हणाला. "मना तं जल्मात पस्तीसच्या वर न्हाय गेलं. ते बी गुर्जींनी ढकललं." आणि मग माझ्याकडे वळून, हळूच, "ताय, पन भाऊ डोला का उघडीत न्हाय मंग? पंच्यान्नव म्हंजे बेस ना?"

"बेस," मी म्हणाले.

"व्हय का," तो म्हणाला आणि पेढा बायकोसाठी खिशात ठेवून गेला. खोटं बोलायला काही लागत नाही, हे मला तेव्हा कळलं. समोरच्याने प्रश्न नीट विचारायला हवा, एवढंच.

शहाळं मांडीवर घेऊन बसले असताना मला पोपटी आठवली. थंडीत वाडीच्या मागे, वालाच्या शेंगा, अंडी, भांबुर्ड्याचा पाला, सगळं मडक्यात दाबून मडकं आगीत पालथं घालायचं. आत शिजलंय की नाही हे उघडून बघायचं नाही, वाफ जाते. मडक्याच्या पाठीवर पाण्याचे थेंब टाकायचे आणि आवाज ऐकायचा. चर्र झालं की झाली. डॉक्टर शिवानी भिंतीला टेकून मला रक्तातल्या प्रथिनाचं सांगत होती तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे हेच होतं, बंद मडकं आणि बाहेरून कान लावून बसलेली माणसं. थेंब टाकायचा मान सलिलचा. एका वर्षी त्याने घाई केली. थेंब टाकला, आवाज झाला न झाला, हा ओरडला, "झाली!" बापूंनी मडकं काढलं, फोडलं. वाल कच्चे. दाताखाली करकर वाजत होते, अंडी आतून पाणी. मी म्हटलं, कच्ची आहे. बापूंनी एक शेंग सोलली, चावली, बराच वेळ चावली, आणि म्हणाले, "छान झालीय. सलिलने सांगितली म्हणजे झाली." मग सगळ्यांनी खाल्ली. आई, काका, पाहुणे, सगळे अंधारात कच्चे वाल करकर चावत छान छान म्हणत होते. मी थुंकून टाकले, म्हणून मला उठवून घरात पाठवलं. आत बसून मला बाहेरची करकर ऐकू येत होती. आता मी तो प्रकार बापूंच्या शेजारी बसून, पेढ्याच्या रूपाने, स्वतः करत होते, आणि या वेळी मला कोणी उठवून पाठवणार नव्हतं.

चारच्या सुमाराला गौरीवहिनी वरून खाली आली. सलिलची बायको, क्लासचं ऑफिस ती बघते, आवाज चढवत नाही आणि विसरत नाही. हातात संमतीचा कागद होता. तोंडातली नळी आता फार दिवस ठेवता येणार नव्हती. गळ्याला भोक पाडून तिथून नळी घालायची, म्हणजे पुढे महिनोन्‌महिने श्वास चालू ठेवता येतो. किंवा मग घरी न्यायचं. त्या हॉलमध्ये 'घरी न्यायचं' याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता, आणि त्यात घराचा संबंध फक्त रस्त्यापुरता होता. सकाळपर्यंत वहिनी काही ठरवू शकत नव्हती. आता तिच्या चेहऱ्यावर रंग आला होता. "बापू, मी सही करते," ती म्हणाली. "एवढा चांगला रिपोर्ट आल्यावर आता मागे कशाला यायचं?" आणि तिने पेन माझ्याकडे मागितलं. माझ्याकडेच. माझ्या पर्समध्ये नेहमी दोन पेनं असतात, एक लाल.

"वहिनी, तो रिपोर्ट चांगला नाहीये," मी म्हणाले.

"कुठला?"

"पंच्याण्णवचा. ते मार्क नाहीत. ते नुकसान आहे. जितकं जास्त तितकं वाईट. त्याच्याहून वाईट फक्त पाच."

"काय म्हणते ती?" बापूंनी उजवा कान पुढे केला. मी पुन्हा सांगितलं, मोठ्याने, वर्गात सांगते तसं, उदाहरणासकट. माणगावचा गृहस्थही ऐकायला लागला. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की माझा आवाज फार स्वच्छ लागला आहे. उच्चार सुरेख. इतका सुरेख तास मी कितीतरी वर्षांत घेतला नव्हता.

बापूंनी खोक्याचं झाकण लावलं. "तुला त्याचे मार्क कधी बघवलेत?" ते म्हणाले. "तो बोर्डात आला त्या दिवशी पेढे वाटताना तू कुठे होतीस? विहिरीवर."

"धुणं होतं, बापू."

"निकालाच्या दिवशी धुणं!"

"निकालाच्या दिवशी कपडे मळत नाहीत का?"

"वन्सं," वहिनी म्हणाली. लग्नानंतर वर्षभरात तिने ही हाक टाकून दिली होती. आता ती फक्त भांडणात बाहेर निघते, ठेवणीतल्या सुरीसारखी. "वन्सं, आज तरी नको. तुमचं आणि त्यांचं काय असेल ते असो. ते आत पडलेत. आज एक दिवस त्यांना पुढे राहू द्या ना." ती चुकत होती आणि तिचं खरं होतं. आकडा वाईट होता, तो मी सांगितला, आणि सांगताना मला बरं वाटलं. तिन्ही गोष्टी एकदमच खऱ्या होत्या आणि माझ्या विषयात त्या वेगळ्या काढायचं सूत्र नव्हतं.

डॉक्टर शिवानी आली. बापू उभे राहिले. "डॉक्टर, ही आमची मुलगी म्हणते की पंच्याण्णव वाईट असतं."

डॉक्टरने बाकड्यावरचा पेढ्यांचा खोका पाहिला. मग त्याच्याशेजारी कागदावर ठेवलेला देवाचा पेढा पाहिला. काय झालं असावं ते तिच्या चेहऱ्यावर हळूहळू चढत गेलं, ताप चढतो तसं. "अरे देवा," ती म्हणाली. "सॉरी. मी घाईत... आजोबा, मॅडम बरोबर सांगतायत. लेव्हल जास्त म्हणजे डॅमेज जास्त. स्कॅनही तेच सांगतोय, डोळ्यांच्या बाहुल्याही तेच. शुद्धीवर येऊन ओळखतील, बोलतील, असं मला वाटत नाही. पण..." तिने श्वास घेतला. "पण नुसत्या एका आकड्यावर आम्ही कुणाचं ठरवत नाही. परसेंटाइल हा ग्रुपचा असतो. एका माणसाचं काय होईल ते त्यातून नक्की नाही सांगता येत."

"बघ!" बापू माझ्याकडे वळून म्हणाले. "नाही सांगता येत!" त्यांनी फक्त 'पण'च्या पुढचं ऐकलं होतं. आणि 'पण'च्या पुढचं सगळं माझं होतं. दर वर्षी जुलैत मी फळ्यावर हेच वाक्य लिहिते आणि खाली दोन रेघा मारते: आकडा जमावाचा असतो, माणसाचा नसतो. पोरं लिहून घेतात. माझ्याच धड्याने माझ्या तोंडावर दार लावलं, आणि दाराच्या आत बापू पेढ्यांचा खोका घेऊन सुखरूप बसले.

वहिनी मात्र 'पण'च्या अलीकडेच थांबली होती. ती दोन खुर्च्या सोडून बसली. पट्टीमुळे सगळी ओळ हलली. डॉक्टर गेली, बापू पुन्हा फोनकडे वळले, आणि ती समोर बघत, वन्सं न म्हणता, म्हणाली, "भार्गवी, तू सांग. सही करू, की घरी न्यायचं? बापूंना विचारून उपयोग नाही. मला तर तुझ्याएवढंही कळत नाही. तुला त्यांचा राग आहे ना? मग तू खोटं गोड बोलणार नाहीस."

एवढ्या वर्षांत माझ्या रागाचा कोणी काही उपयोग केला नव्हता. मी शहाळं खाली ठेवलं. घरी नेला तर काय होईल, ते मला अगदी स्पष्ट दिसलं. दोन दिवसांत नाक्यानाक्यावर फ्लेक्स लागतील, तोच कोट, तेच जोडलेले हात, वर भावपूर्ण श्रद्धांजली. बापू प्रत्येकाला सांगतील, जाताना सुद्धा पंच्याण्णव. मेलेल्या माणसाचे मार्क कोणी कमी करत नाही. सलिल कायमचा पहिला राहील आणि मी त्याच्या फोटोखाली नारळ मोजत बसेन. आणि सही केली तर? तर कदाचित काहीच नाही, आणखी काही आठवडे. कदाचित वाडीत पडवीवर एक खुर्ची, तिच्यात मानेखाली उशी देऊन बसवलेला सलिल, तोंडाच्या कडेने गळणारा वरणभात. मी त्याला भरवते आहे. त्याला मी कोण ते ठाऊक नाही. सरासरी हा शब्द ठाऊक नाही. पाढे ठाऊक नाहीत. आणि मी त्याला सांगते आहे, गीळ, सलिल, शहाण्यासारखा गीळ. ते चित्र भयंकर होतं. आणि मला ते हवं होतं. दया म्हणून हवं होतं की जिरवायला, हे मी तपासायला गेले नाही. मडकं उघडलं की वाफ जाते.

"कर सही," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे पाहिलं. "का?"

"डॉक्टर म्हणाली ना. एका माणसाचं सांगता येत नाही."

"हे तू वर्गात शिकवतेस?"

"हो."

"तुला पटतं?"

"शिकवायला पटावं लागत नाही, वहिनी."

ती पहिल्यांदाच हसली, म्हणजे नाकातून तसा आवाज आला. तिने माझ्या निळ्या पेनाने सही केली. बापूंनी देवाचा पेढा कागदासकट उचलून माझ्या तळहातावर ठेवला. "वर जातेस ना? त्याच्या उशाशी ठेव. आणि सांग त्याला किती मिळाले ते."

वर थंडी होती. हिरवा अंगरखा, टोपी, सगळं चढवून मी आत गेले. त्याचं डोकं पट्ट्यांनी एवढं गुंडाळलं होतं की चेहरा फ्लेक्सवरच्यापेक्षा लहान वाटत होता, आणि सुजून गुळगुळीत झालेला, कुठल्याही माणसाचा असावा तसा. हात जोडलेले नव्हते. ते दोन बाजूंना दोन कठड्यांना पट्टीने बांधून ठेवले होते, एकमेकांपासून लांब. यंत्र श्वास आत ढकलत होतं, बाहेर काढत होतं. छाती वर, छाती खाली. पेढा ठेवायचा नाही, सिस्टरने मानेनेच सांगितलं. मी तो मुठीत धरला.

"बोला त्यांच्याशी," ती म्हणाली. "ऐकू जातं हो कधी कधी."

"याला माझं? बघू."

मी वाकले. त्याच्या कानाला औषधाचा आणि, का कोण जाणे, खोबरेल तेलाचा वास येत होता. बरंच काही तयार होतं, वर्षानुवर्षं जिन्यात, बसमध्ये, भाजी चिरताना घोटून ठेवलेलं. त्या ट्रेचं, त्या व्हिडिओचं, त्या बासष्टचं. जिभेवर आलं आणि तिथेच पेढ्यासारखं चिकटून बसलं. "सलिल," मी म्हणाले, "मी सरासरी." पापणी हलली नाही. "तुला पंच्याण्णव मिळालेत. बापूंनी पेढे वाटलेत. तुझ्या वर फक्त पाच जण आहेत. आता बास."

छाती वर गेली, खाली आली. मी त्याचा बांधलेला हात धरला. तो गरम होता आणि माझ्या मुठीतल्या पेढ्याचा चिकट कागद आमच्या दोघांच्या मध्ये आला.

"खाली ये," मी त्याच्या कानात म्हणाले. "नव्वदवर ये. ऐंशीवर ये. माझ्यापर्यंत ये रे एकदा." सिस्टर बघत होती. मला तिची पर्वा नव्हती. मी दोर धरलेल्या माणसांना सांगावं तसं हाताने दाखवत होते. "खाली घे, सलिल. अजून खाली. अजून."